होडीचा घास

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या, असं म्हणतात. यमुनाबाईचं दुखणं आलंच मुंगीच्या पावलांनी, आणि मग जायचं नावच घेईना. आधी टाचा, मग गुडघे, मग मांड्यांची हाडं. तीस वर्षं ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, भाट्याची खाडी तरीच्या होडीनं ओलांडून रत्नागिरीच्या बाजारात गेली होती. चढणीला तिच्याबरोबर चालताना तरण्या बायकांना धाप लागायची. आता पडवीत घोंगडीवर कूस बदलायची तरी तिला खांब धरावा लागे.

उपाय काय थोडे झाले? पाली गावच्या वैद्याच्या गुग्गुळाच्या गोळ्या झाल्या. मेथीचे लाडू झाले, डिंकाचे झाले, निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला. खेकड्यांचं कढण तर इतकं झालं, की वाडीतल्या पोरांना खेकडा सापडला की ती दारात येऊन विचारायची, "म्हातारीला देऊ काय?" सगळं पोटात गेलं, हाडापर्यंत काही पोचलं नाही.

पण हाडांपेक्षा तिला भीती होती ती वेगळीच. खारव्याच्या घरात पाटी उचलणाऱ्या बाईला मान. पाटी सुटली की ती बाई म्हणजे घरातलं ओझं. थोरला मुलगा भिकाजी स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता. आईला टाकून बोलणारा नव्हता. सून सगुणाही वाईट नव्हती. पण आता बाजारात सगुणा जायची आणि घरातलं सगळं तीच ठरवायची. आपल्या ताटात तुकडी कुठली पडते, मधली का शेपटीकडची, हे यमुनाबाई एक अक्षर न बोलता रोज बघत होती. तिला पुन्हा आपल्या पायांवर उभं राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

घरात आणखी एक होती, कमळा. यमुनाबाईची धाकटी. वय चोविसाच्या घरात, लग्न झालेलं नव्हतं आणि होणारही नव्हतं. तिचे पाय लहानपणापासून बाहेरच्या अंगाला वाकलेले, चालताना ती या बाजूहून त्या बाजूला झुलायची. वाडीत चार कमळा होत्या म्हणून हिला फेंगडी कमळा म्हणत, असं लोक सांगायचे. ही एकटीच असती तरी तेच म्हटलं असतं. पाणी भरणं, भात शिजवणं, भांडी, सारवण, सगळं तिच्या अंगावर होतं. एक काम तेवढं तिला बंद होतं. होडीच्या वीस पावलांत तिनं यायचं नव्हतं आणि होडीच्या तेलाला हात लावायचा नव्हता.

त्याचं असं होतं. जाळ्यात मोठी मोरी, म्हणजे शार्क मासा, आली की तिचं काळीज वेगळं काढायचं, अंगणातल्या चुलाणावर कढवायचं आणि सुटेल ते तेल गाळून पिंपात साठवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढून घेतली की ते तेल तिच्या लाकडाला पाजायचं, म्हणजे लाकूड फुटत नाही, कीड लागत नाही. वास असा, की पाहुणा वाडीत शिरायच्या आधी नाकाला पंचा लावतो. भिकाजीच्या घराण्यात या तेलाला होडीचा घास म्हणत. होडीच्या आधी तो कोणी चाखायचा नाही. समुद्रातून माणसं परत आणते ती होडी, तेव्हा पहिला घास तिचा. तो उष्टा झाला तर ती माणूस खाऊन भरपाई करून घेते. आधी पोटोबा मग विठोबा म्हणणाऱ्यांचं या घरात काम नव्हतं.

कमळा तीन वर्षांची होती तेव्हा चुलाणाशेजारी बसायची. पाय तेव्हाच वाकले होते, उभं केलं की रडायची. यमुनाबाई तेल गाळायला बसली की ही पोर सरपटत यायची आणि पिंपाच्या कडेला ओघळलेलं तेल बोटानं चाटायची. इतर पोरं त्या वासानं पळून जायची, आणि ही काकवी चाटावी तशी चाटायची. मार खाल्ला तरी चाटायची. त्याच वर्षी कार्तिकात तिचा बाप, धोंडू तांडेल, होडीसकट गेला. होडीवरची आणखी तीन माणसं गेली. तेव्हा यमुनाबाईनं उलथनं तापवून पोरीच्या त्या बोटावर डाग दिला आणि सगळ्या वाडीदेखत छाती बडवत ओरडली, "ह्या कार्टीनं तेल उष्टं केलान! बापाला खाल्लान!"

वाडीनं ऐकलं. वाडीला असलं काही ऐकायला लागतंच. पुढं कमळाला मागणं आलं नाही ते पायांमुळं का या बोलामुळं, हे कोणाला निवडून सांगता आलं नसतं.

तर त्या साली शिमग्याला धाकटा मुलगा लवू मुंबईहून आला. तो गोदीत कामाला होता. त्यानं ट्रंकेतून धोतरात गुंडाळलेल्या दोन मोठ्या बाटल्या काढल्या आणि आईसमोर ठेवल्या. म्हणाला, "विलायती हाय. आमच्या मुकादमाची म्हातारी आवस ह्यानं उठून बसली. सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे."

बाटलीवर एका गोऱ्या गुटगुटीत पोराचं चित्र होतं. पोर दोन पायांवर ताठ उभं होतं आणि हसत होतं.

"म्हातारीच्या औषधावर पोराचं चित्र कनाला रे?" यमुनाबाईनं विचारलं.

"साहेबांची तऱ्हा, आये. तू आपली पी."

औषध नारळाच्या रसासारखं पांढरं आणि दाट होतं. चव गोडसर, वास दालचिनीसारखा. यमुनाबाईनं नाक न मुरडता पहिला चमचा घेतला आणि बाटल्या देवाच्या फळीवर ठेवल्या. त्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. चमचा ती स्वतः भरायची, स्वतः चाटायची, स्वतः धुवायची.

पंधरा दिवस काही झालं नाही. महिन्यानं तिच्या ध्यानात आलं, की सकाळी खांब न धरता आपण उठून बसलो. दीड महिन्यानं ती विहिरीवर गेली. मांड्यांच्या हाडांतली ती रात्रंदिवसाची ठसठस विझत विझत गेली. आजूबाजूच्या बायका बघायला आल्या, बाटली हातात घेऊन उजेडात धरून परत ठेवून गेल्या. विलायतेच्या माणसाला देवानंच अक्कल दिली, असं त्यांचं एकमत झालं.

कमळाची कंबर आणि मांड्याही दुखायच्या. ती बोलायची नाही. पण संध्याकाळी भात चुलीवर चढवला की भिंतीला पाठ लावून मांड्या फडक्यानं आवळून बांधायची. एकदा सगुणानं ते पाहिलं आणि म्हणाली, "आत्याबाय, वन्संना पण द्या की चमचाभर. बाटल्या दोन हायत."

"ता म्हातारपणाचं औषध हाय. तिला काय झायलंय? जन्माचंच हाय तिचं," यमुनाबाई म्हणाली आणि बाटलीचं बूच घट्ट लावलं.

"मला नको, वयनी," कमळा म्हणाली. नको म्हणायची तिला सवयच होती, आणि तिच्या नको म्हणण्याची घरातल्या सगळ्यांना सोय होती.

वैशाखात यमुनाबाईनं पाटी उचलली. जड नव्हती, सुकी मासळी होती, पण उचलली. तरीवर बसली, पलीकडे उतरली, चढण चढली आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. तिची जीभसुद्धा पायांबरोबर बरी झाली. त्या दिवशी तिनं गिऱ्हाइकांना नेहमीच्या दुप्पट टोमणे मारले आणि घरी आल्यावर न विचारता स्वतःच्या ताटात मधली तुकडी वाढून घेतली.

पण बाटली म्हणजे काही विहीर नव्हे. दुसरीही तळाला गेली. यमुनाबाईनं चमचे अर्धे केले, मग बाटली पाण्यानं विसळून ते पाणीही प्याली. नंतर आठ दिवस गेले, आणि एका पहाटे डाव्या टाचेत बारीक कळ आली. तिचा जीव धसकला. पुन्हा ती घोंगडी, पुन्हा तो खांब. त्याच दिवशी तिनं रिकामी बाटली पाटीत घातली आणि बाजार आटपून एका डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. तिथला कंपाउंडर आत्माराम तिचं जुनं गिऱ्हाईक होता.

"यमुनाबाई! चालत आलात?" तो म्हणाला. "तुमच्या जागेवर सून बसायला लागली तेव्हा आम्ही म्हटलं, आता काही तुम्ही दिसत नाही."

"तुम्ही मेल्यात जमा करूनच बसलाव की. ही बघा. ही मिळंल काय इथं? लवू पुढच्या शिमग्याशिवाय येत न्हाय."

आत्मारामनं बाटली फिरवून वाचली, पुन्हा वाचली आणि खो खो हसायला लागला. "यमुनाबाई, ह्यात काय आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"विलायती औषध."

"विलायती मासा! तिकडच्या थंड समुद्रात कॉड म्हणून मासा असतो. त्याच्या काळजाचं तेल हे. साखर, दालचिनी घालून घुसळलंय, म्हणून तुम्हाला वास कळला नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, तुमच्या मोरीच्या काळजाच्या तेलाला हाच गुण. आणि तुम्ही ते पिंपभर लाकडाला फासता, आणि ही बाटली मुंबईहून आणवता! काखेत कळसा नि गावाला वळसा!"

यमुनाबाईला आधी हसूच आलं. आपण जन्मभर ज्याच्या धुरात बसलो तेच आपण चमच्यानं देवासारखं पीत होतो. मग तिची नजर बाटलीवरच्या चित्रावर गेली.

"आणि ह्या पोर कशाला?"

"अहो, मूळ हे पोरांचंच औषध. काही पोरांची हाडं मऊ राहतात, उभी राहिली की पाय वाकतात. अशा पोरांना लहानपणीच वर्षभर रोज चमचा चमचा दिलं तर पाय सरळ होतात. डॉक्टरांनी दोन-तीन पोरं बरी केलेली मी बघितलीत."

दवाखान्यात एक बाई खोकत होती. आत्माराम पुड्या बांधत होता. यमुनाबाईनं विचारलं, "मोठ्या माणसाला दिलं तर? चोवीस वर्षांच्या?"

"मग कसले सरळ होतात? हाड एकदा वाकडं पिकलं की पिकलं. दुखणं कमी होईल, एवढंच." त्यानं मान वर केली. "कोणासाठी विचारताय?"

"कोणासाठी न्हाय," यमुनाबाई म्हणाली. बाटली तिथंच ठेवून ती निघाली.

उतरणीला तिचे पाय झपझप पडत होते. इतके महिने याच गोष्टीसाठी तिनं देव पाण्यात घातले होते आणि आज त्या चालण्याची तिला किळस आली. पोरीला कोणी शिकवलं नव्हतं, वैद्यानं सांगितलं नव्हतं. तिच्या हाडांनी मागितलं होतं आणि ती सरपटत आली होती, आणि आपण उलथनं तापवलं होतं. वर म्हातारपणी औषध मिळालं तर चमचाभर तिला दिलं नाही.

तरीत बसल्यावर दुसरी गोष्ट वर आली. एरवी यमुनाबाई ती कधी वर येऊ देत नसे. धोंडू तेलामुळं गेला नव्हता. तेल कोणी चाटल्यानं माणूस मरत नाही, हे यमुनाबाईला तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवशी वारा फिरला म्हणून बाकीच्या होड्या परत फिरल्या होत्या. धोंडू सकाळपासून माडी ढोसून बसला होता. लोक नको नको म्हणत असताना तो तीन माणसांना शिव्या घालून होडीत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्या तिघांच्या बायका दारात येणार होत्या. त्यांना काय तोंड दाखवायचं होतं? म्हणून तिनं तीन वर्षांची पोर पुढं केली. पोरीला स्वतःची बाजू सांगता येत नव्हती, ते बरंच झालं होतं.

ती वाडीत पोचली तेव्हा किनाऱ्यावर गडबड होती. होडी वर ओढून ओंडक्यांवर ठेवलेली, पिंप उघडलेलं, आणि भिकाजी, केरू आणि आणखी दोघं चिंध्यांचे बोळे तेलात बुडवून फळ्या चोपडायच्या तयारीत. केरू म्हणजे धोंडूबरोबर बुडालेल्या तिघांपैकी एकाचा मुलगा. भिकाजी नारळ फोडून होडीला हात जोडत होता. दूर माडाखाली कमळा गड्यांचं जेवण घेऊन बसली होती, वीस पावलांच्या पलीकडे, नेमानं.

यमुनाबाईनं पाटी खाली टाकली, जेवणातली एक वाटी उचलली आणि सरळ पिंपाशी गेली. वाटी तेलात बुडवून भरली.

"आये!" भिकाजी ओरडला. "काय करतंस? होडीनं अजून घास घेतला न्हाय!"

"घेईल मागनं."

"खुळावलीस काय? बाबा कशानं गेला ता ठाऊक हाय ना तुला?"

"मला न्हाय ठाऊक, तर कोणाला ठाऊक?" यमुनाबाई वाटी घेऊन वाळूतून चालत माडाखाली गेली. तिनं थेंब सांडू दिला नाही. तिनं वाटी कमळासमोर धरली. "पी, बाय."

कमळा घाबरून उठली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"पी गो. ह्याच तेलाची ती बाटली होती. तुझ्या मांड्या दुखायच्या थांबतील. पाय..." पायांचं तिला पुढं बोलवेना. "पायांचं माझ्यामुळं ऱ्हायलं. तू मागत होतीस आणि मी दिलं न्हाय."

"नको, आये. होडीचा घास हाय तो."

आता भिकाजी आणि गडी मागोमाग आले होते. यमुनाबाई त्यांच्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका. धोंडू तांडेल माडी पिऊन गेलता. वारा फिरलेला, सगळे नको म्हणत होते, तरी गेला. केरू, तुझ्या बापसाला त्यानंच ओढून नेलान. पोरीनं कायसुद्धा केलं नव्हतान. मी खोटं बोललंय."

भिकाजीचं तोंड काळंठिक्कर पडलं. "मेलेल्या माणसावर घेतंस? देवमाणूस होता बाबा माझा!" तो वीस वर्षं त्याच बापाच्या नावावर तांडेल होता.

केरूनं एकदा भिकाजीकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. भिकाजीच्या होडीवर त्याचं पोट होतं. तो हसला आणि म्हणाला, "त्या विलायती बाटलीत दारू असते म्हणतात. म्हातारीला चढलीय." बाकीचे दोघंही हसले. सगळ्यांना हायसं वाटलं.

कमळा मात्र हसली नाही. ती आईकडे असं बघत होती, जसं आजारी माणसाकडे बघतात. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आये, माझ्यासाठी बाबाचं नाव घालवू नको."

"खरं सांगतंय गो! देवाशपथ!"

"मला ठाऊक हाय ना. मी चाटलं होतं. मला चव अजून आठवते." तिनं वाटीकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. "एकदा बाबाला खाल्लंय मी. आता ह्या होडीतनं दादा जातो."

यमुनाबाईनं तिचा दंड धरला, तिच्या तोंडाशी वाटी नेली. कमळानं ओठ घट्ट मिटून घेतले. तिला जोरानं ढकलता आलं असतं, पण तेल अंगावर सांडेल म्हणून ती नुसती अंग चोरून उभी राहिली. शेवटी भिकाजीनं आईच्या हातातून वाटी काढून घेतली, होडीकडे गेला आणि ते तेल पहिल्या फळीवर ओतलं. केरूनं लगेच त्यावर बोळा फिरवला.

यमुनाबाईला ओरडावंसं वाटत होतं. एकदा ती याच वाडीदेखत खोटं ओरडली होती, ते वाडीनं वीस वर्षं जपून ठेवलं. आज खरं बोलली, तर घटकाभरही कोणी ठेवून घेतलं नाही. आणि ज्या पोरीसाठी बोलली तिनंच सगळ्यांच्या आधी ते नाकारलं. ती उन्हात उभी होती. पाय अजिबात दुखत नव्हते, बसायची गरजसुद्धा नव्हती.

कमळानं माडाखाली पानं मांडली, भात वाढला, कालवण वाढलं. मग होडीकडे न जाता, लांबूनच हाक मारली, "दादा, जेवायला या! आणि तेलाचे हात नीट धुवून या हां, माझ्या भांड्यांना लागतील."